आवाज ताईचे

न वाचलेल्या गठ्ठ्यातलं अठरावं कॉमिक उघडून सुहास मोठ्याने वाचायला लागला. लहानपणी वाटणी ठरलेली होती: संवाद त्याचे, ‘फाट’, ‘खळ्ळ’ असले आवाज ताईचे. ताई नर्स होऊन आयर्लंडला गेली. सहा वर्षं हा कॉमिक्स विकत घेत राहिला, वाचलं एकही नाही. गठ्ठा सोडला तो याच आठवड्यात.

आता संवाद वाचायचा, आवाज आला की गप्प बसायचा. सत्तेचाळिसाव्या पानावर अख्खी इमारत कोसळली, तिथे मात्र घोडं अडलं. त्याने फोन लावला.

“ताई, इमारत पडतेय गं.”

“ड्यूटीवर आहे रे, ठेवते.”

दहा मिनिटांनी तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे कुणी पेशंट कण्हत होता आणि ताई दबक्या आवाजात म्हणत होती, “धडाम!”

मेसेज पुन्हा ऐकायचा म्हणून त्याने पान मागे उलटलं. इमारत अजून उभी होती.