कागदी कॉम्प्युटर

"कॉम्प्युटरने तोंड उघडायचं नाही," चाचणी घेणाऱ्या मॅडमनी पुन्हा बजावलं.

कॉम्प्युटर म्हणजे डिझायनर स्वतः. शिंप्यांसाठीचं ॲप अजून कागदावरच होतं. शिंपीणकाकूंनी त्यात एका शर्टाची मापं भरायची. त्यांनी कागदी बटणावर बोट ठेवलं की याने निमूटपणे पुढचा कागद सरकवायचा. मदत नाही, खाणाखुणा नाहीत. याआधी दोन शिंपी अर्ध्यातूनच उठून गेले होते. आज काकूही उठल्या, तर ॲपचा गाशा गुंडाळायचा असं ठरलं होतं. तीन आठवडे त्याने त्यात जीव ओतला होता.

काकूंनी चष्मा पुसला. समोर मापांच्या अठरा चौकटी होत्या, एकाखाली एक. कोपरा ओका दिसतो म्हणून त्याने तिथे एक चिमुकला शर्टही काढला होता. काकूंनी चौकटींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बोट थेट त्या शर्टाच्या खांद्यावर गेलं.

त्यापुढचा कागदच त्याने केला नव्हता.

काकूंनी पुन्हा दाबलं. "बंद पडला वाटतं हा."

'अहो काकू, आधी पहिली चौकट,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याने ते गिळले. काकूंनी उठायच्या बेताने पिशवीला हात घातला. तेवढ्यात त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने चौकटींचा कागद भिरकावून दिला, एक कोरा ओढला आणि भराभर पानभर शर्ट काढला.

"हां, आता कसं!" काकूंनी खांद्यावर बोट टेकवलं. "साडेसतरा."

त्याने तिथेच आकडा लिहिला. मग बाही, गळा, छाती, घेर. काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच, आणि कॉम्प्युटर घामाघूम होऊन लिहीत राहिला. दोन मिनिटांत मापं भरून झाली.

"यादी का नाही वाचलीत, काकू?" मॅडमनी विचारलं.

"गिऱ्हाईक समोर उभं असतं, बाई. मला त्याचा खांदा दिसतो. यादी कुठे दिसते?"

तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं होतं आणि डिझायनरला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. मॅडमनाही हसू आवरेना.

"दोन महिन्यांत तयार होईल, काकू," तो न राहवून म्हणाला.

"होईल तेव्हा होईल. दुपारी माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं यायचीत." काकूंनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "तोवर असे दहा कोरे शर्ट काढून द्या. काढा सावकाश, मी बसलेय."