अध्यक्षांची खाट

उशीवर मोगऱ्याच्या तेलाचा डाग.

लिंबायतमधल्या एका खानावळीच्या दारावर निळी पाटी: मोहखेडे ग्रामीण आर्थिक विकास प्रतिष्ठान, शाखा सुरत. मुख्य कार्यालय कुठे, ते पाटीवर नाही.

डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन दोन कोस चालणारी लीला.

खिळ्याला टांगलेला सफारी सूट, कडक इस्त्रीचा.

लसणाचा वास.

यातला सफारी पंडितचा. १९९३च्या दिवाळीत तो मोहखेडे गावाहून सुरतेला कामाला आलेल्यांच्या या प्रतिष्ठानचा अध्यक्ष झाला, मुख्यतः सफारी होता म्हणून. एरवी तो मागाच्या कारखान्यात दिवसपाळीला जॉबर होता. अडलेले माग चालू करून द्यायचा. अध्यक्ष झाल्यावर त्याने पाटी रंगवून घेतली, शिक्का बनवला, स्टुडिओत जाऊन फोटो काढला. गावात पिठाची गिरणी उभी करणं हे प्रतिष्ठानचं एकुलतं एक काम होतं. तेवढं राहिलं.

लीला ही खानावळवाल्या मालतीबाईंची धाकटी बहीण. दळणासाठी शेजारच्या गावी जाऊन जाऊन तिची मान धरली होती. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर ती निरोप धाडायची, गिरणीचं काय झालं. मालतीबाई तो निरोप वाढता वाढता पंडितला ऐकवायच्या. पंडित भाकरी मोडत म्हणायचा, "प्रोसेसमध्ये आहे."

तो राहायचाही तिथेच, माळ्यावर. खाट फक्त रात्रीपुरती, म्हणून भाडं निम्मं. लिंबायतमध्ये यात काही विशेष नव्हतं. दिवसपाळीवाला रात्री झोपायचा, त्याच खाटेवर रात्रपाळीवाला दिवसा. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड दिसायचं नाही.

एका संध्याकाळी मालतीबाई म्हणाल्या, वाल्मिकपण गिरणीचं विचारत होता.

कोण वाल्मिक, पंडितने विचारलं.

दिवसा तुझ्या खाटेवर झोपतो तो, त्या म्हणाल्या. तिकडे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो. आपल्याच गावचा, पण वऱ्हाडात मामाकडे वाढला, म्हणून तुला ठाऊक नाही.

"काय म्हणतो?"

"काहीच नही रे. मी अध्यक्ष असतो ना, तर एव्हाना वीज मंडळात जाऊन आलो असतो, म्हणे."

त्या रात्री पंडितने पहिल्यांदाच उशी नीट पाहिली. मोगऱ्याचं तेल, म्हणजे शौकीन. एक लांब पांढरा केस, म्हणजे हिप्पी. शिवाय वयस्कर, लोक अनुभवी म्हणणार. लसणाचा वास, म्हणजे चटणी-भाकरीवर भागवणारा साधा माणूस. हे सगळ्यात वाईट. खाटेतला खड्डा तेवढा आखूड होता. बुटका असणार. पंडितला जरा बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तो रजा टाकून वीज मंडळात जाऊन आला.

वाल्मिकला ते पुरलं नाही. जागेचं काय, म्हणे. पंडितने सरपंच मारुतीअप्पांच्या मागे लागून चावडीमागची जागा मिळवली. फरशी कोण घालणार, म्हणे; मी असतो तर स्वतः घातली असती. पंडितने फरशी स्वतः घातली. सफारीचे गुडघे कायमचे पांढरे झाले.

"कसाले चिडस, अध्यक्ष?" मालतीबाई म्हणायच्या आणि आणखी एक भाकरी टाकायच्या.

फरशीच्या कामाला गेला तेव्हा पंडितने लीलाला सहज विचारलं, वाल्मिक इकडे फिरकतो का.

"सकाळच्या बसने गेला ना, भाऊ," लीला म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

गावातल्या बाया त्याच्या बाजूने आहेत, हे पंडितने ओळखलं. सुरतेला परतल्यावर त्याने मालतीबाईंना विचारलं, "रात्री काम, दिवसा गाव. तो झोपस तरी कधी, मावशी?"

"तुनीच खाटवर," मालतीबाई म्हणाल्या. "गाढ."

१९९५च्या दिवाळीआधी गिरणी सुरू झाली. पहिलं दळण लीलाचं. ती मान सरळ ठेवून घरी गेली.

मग निवडणूक. लक्ष्मीपूजनाला सगळे माग बंद, दोन्ही पाळ्या मोकळ्या, म्हणून सभा त्याच दिवशी खानावळीत. पंडितने वाल्मिकविरुद्ध भाषण पाठ केलं होतं: केस, तेल, मामाचं गाव. आज तो समोरासमोर दिसणार होता. पंडितने झेंडूचा हारही स्वतःच आणून ठेवला होता, ऐनवेळी कोणी विसरायला नको म्हणून.

वाल्मिक आला नाही. मालतीबाई भजी तळत म्हणाल्या, तो गावी गेलाय. सणाला गिरणीवर गर्दी, कोणीतरी पाहिजे ना. त्याने सांगितलंय, पंडितने काम केलं, त्यालाच ठेवा. मला खुर्ची नको.

पंडित उठला. भाषण त्याला आठवेना.

"असा माणूस असताना," तो म्हणाला, "मी कोण? माझ्यातर्फे वाल्मिकचं नाव लिहा."

लक्ष्मण नावाच्या एका सभासदाने विचारलं, त्याला कोणी पाहिलंय का. दिवसपाळीवाल्यांनी रात्रपाळीवाल्यांकडे पाहिलं. रात्रपाळीवाल्यांनी सचिनवाल्यांकडे. सचिनवाले म्हणाले, एवढी मोठी वसाहत, असेल की. भजी गार होत होती. निवड एकमताने झाली.

आता दिवसाच्या कामांना अध्यक्ष मिळणार कसा, असा प्रश्न निघाला. तोही पंडितनेच सोडवला. त्याने शिक्का मालतीबाईंच्या हातात दिला.

"मावशी, त्याच्या वतीने तुम्हीच पाहा. तुमचीच त्याची रोज गाठ पडते."

मालतीबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. तू म्हणतोस तर, म्हणाल्या, आणि शिक्का मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून दिला. पुढचं काम विहिरीवरच्या मोटरचं, असंही त्यांनी लगेच सांगून टाकलं.

पंडितने झेंडूचा हार माळ्यावर नेऊन उशीवर ठेवला आणि त्या रात्री तो आदराने जमिनीवर झोपला.

मालतीबाईंची स्वतःची खाट १९९१च्या उन्हाळ्यात मोडली होती. तेव्हापासून दुपारची पंगत उठली की त्या माळ्यावरच्या खाटेवर जाऊन पडत, आणि ती खाट त्यांनी पंडितशिवाय कोणालाही कधी भाड्याने दिली नव्हती.