सायलेन्सरवरचा पत्रा
दुष्काळात जळकोटच्या छावणीतल्या जनावरांसाठी दूधसंघाच्या जीपमधून पेंड नेणारा जलील गाडीच्या खडखडाटाला वैतागला होता. सायलेन्सरवरचा पत्रा सैल झालेला. "काढून टाकला तर चालंल का?" त्यानं नळदुर्गच्या मिस्तरीला विचारलं. "नगं. त्यानं सायलेन्सरची धग अडती," मिस्तरी म्हणाला. तरी जलीलनं पत्रा उचकटलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं जीप छावणीतल्या कडब्याच्या गंजीजवळ, वाळल्या पाचोळ्यावर उभी केली. तो पोती उतरवत होता, तोच आपल्या बैलांपाशी बसलेली मालनबाई किंचाळली, "आरं, गाडीखाली जाळ!" पलीकडं तीनशे जनावरं दाव्याला होती. जलील जीपमध्ये चढला, पेटती गाडी कोरड्या तळ्यात घातली आणि उडी टाकली. पाचोळ्यातला उरलेला जाळ लोकांनी विझवला. जलीलला मालनबाईनं पाणी दिलं. "तू देवावानी धावलास, लेकरा." जलीलनं तांब्या खाली ठेवला. "मावशी, ही आग म्याच लावली."