परात दाराकडे

मेंढीच्या डोक्याचं तोंड सालाहीकडे येईल अशा बेताने सेरिकबाय आजोबांनी परात खाली ठेवली. तंबूतलं बोलणं थांबलं. आता पाहुण्याने सुरी घ्यायची, डोक्याचा पहिला तुकडा कापायचा, मगच बाकीच्यांनी मांसाला हात लावायचा.

सालाहीला भरून आलं. सायप्रसच्या उत्तर भागातून नाचाचं पथक घेऊन तो थेट या कझाक गावात आला होता. सकाळी महोत्सवाच्या मैदानावर तुर्की वंशाच्या झाडून सगळ्या भाऊबंद देशांचे झेंडे चढले, त्याचा तेवढा पिशवीतच राहिला. त्यांच्या अर्ध्या बेटाला एका तुर्कस्तानाशिवाय कुणी देश मानत नाही, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? तरी वेडा इस्त्री करून घेऊन आला होता. आयोजकांतला आस्कत, आजोबांचा पुतण्या, त्याला मिठी मारून म्हणाला होता, "तुम्ही तर आमचे सख्खे भाऊ. फक्त झेंड्याचं तेवढं... म्हणजे हो असंही नाही आणि नाही असंही नाही. समजून घ्या, भाऊ."

सालाहीने समजून घेतलं. जन्मभर तो दुसरं करत काय आला होता?

"मैदान सरकारचं," आजोबा म्हणाले. "तंबू माझा. इथे पहिला पाहुणा तू." आणि सुरी पुढे करता करता मध्येच थांबले. "वडील आहेत ना रे? की गेले?"

सालाहीने आस्कतकडे पाहिलं.

"रीत आहे," आस्कत त्याच्या कानाशी लागला. "वडील हयात असले तर मुलाने डोकं कापायचं नसतं. तो मान वडिलांचा. मग परात शेजारच्या पाहुण्याकडे सरकते."

शेजारी बसले होते अंकाराहून, तुर्कस्तानच्या सरकारकडून आलेले तुंजेर बे. सकाळपासून प्रत्येक व्यासपीठावर सालाहीच्या वतीने तेच बोलत होते. आताही तेच बोलले.

"यांचे वडील शहीद झाले. त्रेसष्टच्या ग्रीक-तुर्क दंगलीत. सगळ्यांना माहीत आहे."

"कुणी पाहिलं?" सालाही बोलून गेला.

बोलल्यावर मग सांगणं आलं. वडील बस चालवायचे. डिसेंबरातल्या एका सकाळी बस घेऊन निघाले. बस मिळाली, ते मिळाले नाहीत. सालाही तेव्हा रांगत होता. पुढे केव्हातरी, बेपत्ता माणसांची हाडं शोधणारे येऊन त्याचं रक्त घेऊन गेले. अजून कुठल्या हाडाशी ते जुळलेलं नाही. आणि आई घरात वडिलांच्या नावाने मेलेल्यांसाठीचा फातिहा पढू देत नाही.

"म्हणजे आहेत की नाहीत?" आजोबा पुरते गोंधळले. एवढ्या पाहुण्यांपुढे त्यांनी परात ठेवली होती, पण असा पेच कधी पडला नव्हता. "दोन्हीतलं एक काहीतरी असणारच की, पोरा."

"असणारच असं नाही, आजोबा. आमच्याकडे नाही." सालाहीला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच.

खरं सांगायचं तर त्याला तो मान हवा होता. फार हवा होता. 'गेले' एवढं म्हटलं की झालं, सुरी हातात. 'आहेत' म्हटलं की परात तुंजेर बेंकडे, बाकी सगळं जातं तशीच. पण एका मेंढीच्या डोक्यासाठी बापाला मारायचं? असा विचार मनात आला याचीच त्याला लाज वाटली. काय करावं सुचेना, तेव्हा त्याने घरी आईला फोन लावला.

"आई, इथे विचारतायत, बाबा आहेत की गेले."

"कोण विचारतंय? ते रक्तवाले?"

"नाही गं. एक कझाक आजोबा. जेवायला बसलोय." त्याने रीत समजावून सांगितली.



"मला सगळे सांगूनच जातात," आई म्हणाली. "हा म्हातारा विचारतोय तरी." मग तिचा नेहमीचा चढा आवाज आला. "तुझं तू ठरव. इतकी वर्षं मीच ठरवत आले, आता दमले. आणि उपाशी राहू नकोस." तिने फोन ठेवला.

सालाहीची आणखीच पंचाईत झाली. त्याने सुरी हातात घेतली. तंबूतले सगळे पुढे वाकले. तुंजेर बेंनी समाधानाने मान हलवली. सालाहीने सुरी पुन्हा खाली ठेवली, परातीला दोन्ही हात लावले आणि डोक्याचं तोंड दाराकडे होईपर्यंत ती हळूहळू फिरवली.

"मान त्यांचा आहे," तो म्हणाला. आपण बरोबर केलं की चूक, हे त्याला कळत नव्हतं.

हे रीतीत कुठे बसतं, ते आजोबांनाही ठाऊक नसावं.  मग त्यांनी सुरी उचलून म्यानात घातली.

"तर मग थांबू या."

"थांबू या म्हणजे?" तुंजेर बे म्हणाले. "अहो, आमचं विमान आहे!"

"ज्याचा मान, त्याच्याआधी कसं जेवायचं?"

मांसावरची वाफ विरत चालली. बाहेर वारा सुटला होता. दारावरचा लोकरीचा पडदा जरासा हलला, तशा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

सालाही नकळत सरकला आणि त्याने आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली.