सरांची नवी गाडी

कमलाकांत सरांची नवी गाडी भररस्त्यात बंद पडायची. बायकोचं न ऐकता घेतलेली, म्हणून त्यांनी कुणाला कळूच दिलं नाही. शेजारच्या नत्थुजींनी विचारलं, तेव्हाही "एकदम झकास आहे," म्हणाले. त्या भरवशावर नत्थुजींनी तश्शीच घेतली.

चौथ्यांदा दुरुस्तीला टाकलेली गाडी आणायला सर रिक्षानं अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरला गेले, तर बाकावर नत्थुजी बसलेले.

"बायपासवर स्क्रीन काळी झाली अन् गाडी जागीच थांबली, सर. मागून ट्रक आला. मांगं नात बसली होती. थोडक्यात वाचलो." त्यांनी सरांचा हात धरला. "मी तं कोणालेच सांगतलं नव्हतं. माह्यासाठी धावून आले तुमी?"

आत शेडमध्ये सरांच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं.

"हो," सर खाली बघत म्हणाले.