अजून औषध नाही

"ह्येच का ते?" पारूबाईंनी पिवळसर पाण्याची बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

"व्हय. जरा जपून, आत्या," आम्रपाली म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणे.

सांगलीतल्या फार्मसी कॉलेजची ती प्रयोगशाळा दुपारची रिकामी होती. साल अठ्ठ्याण्णव. पारूबाईंच्या जिभेवर गाठ होती आणि उद्या सकाळी ऑपरेशन. मिलिंद, त्यांचा मुलगा, मिरजेला दवाखान्यात खाट मिळवायला पुढं गेला होता. अर्धी जीभ काढावी लागेल, नंतर बोलणं उमटेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. घरातून निघताना पारूबाई एवढंच म्हणाल्या, "आदी तुजं कालेज दाव."

आम्रपालीनं दाखवलं. चिमूटभर हळद पाण्यात टाकली. थोडी तरंगली, बाकीची तळाशी बसली.

"बघा, विरघळत न्हाई. पोटात गेली तरी अंगाला लागत न्हाई. म्हणून तिच्यातला अर्क काढायचा आन् चरबीच्या कणात कोंडायचा. केसाच्या हजाराव्या भागाएवढा कण. रक्तातनं त्यो गाठीपातूर जावा आन् तितंच फुटावा, असा बेत हाय. तुमच्या हातातल्या बाटलीत त्येच कण हायेत."

"मग गाठ मरती?"

"काचेच्या ताटलीत मरती. अंगातलं म्हाईत न्हाई अजून."

पारूबाईंनी बाटली छातीशी धरली. शब्दागणिक जीभ ठणकत होती. "मग कापायचं कशाला गं? मला ह्येच दे."

"आत्या, ह्ये अजून उंदरालाबी दिलेलं न्हाई."

"उंदराच्या जागी मी हाय की. जगले तर जगले. न्हाईतर तुज्या शिक्षणाला तरी उपेगी पडंन."

लग्नानंतर आम्रपालीचं शिक्षण तुटू नये म्हणून हीच बाई भावकीशी भांडली होती. एक घोट दिला तर कुणाला कळणार होतं? क्षणभर तिचा हात बाटलीच्या बुचाकडं गेलाही. मग तो तिनं मागं घेतला.

"देनार न्हाई मी. ह्येच्या भरवशावर तुमी उद्या आपरेशन टाळशीला, आन् गाठ काय थांबायची न्हाई. ह्ये औषध न्हवं, आत्या. व्हईल कवातरी. तवर..."

"तवर मी कुटली?"

"तवर तुमी पायजे. मुक्या झाला तरी चालंल मला. पन पायजे."

पारूबाईंनी बाटली टेबलावर ठेवली.

"मुकी सासू मिळावी म्हणून बाया नवस करत्यात," त्या म्हणाल्या. "तुला आयतीच गावतीया."

आम्रपाली हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. पारूबाईंनी पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग आपले ओठ.

दोघी मिरजेच्या रिक्षात बसल्या आणि पारूबाई बोलायला लागल्या. थांबेचनात. लाळ टिपायच्या, कळ गिळायच्या, पुन्हा बोलायच्या. मिलिंदचं बाळपण, कर्नाटकाच्या सीमेवरचं जतकडचं माहेर, तिथली मेंढरं, आईच्या हातची जोंधळ्याची भाकरी. वाटेतलं विश्रामबाग मागं पडलं तशा त्या कानडीत कधी शिरल्या, ते त्यांनाही कळलं नाही. त्यांच्या आईची भाषा ती. सासरी इतक्या वर्षांत ती कधी त्यांच्या तोंडून निघाली नव्हती.

आम्रपालीला त्यातलं अक्षरही समजत नव्हतं. सासूचा हात आपल्या मांडीवर घेऊन ती प्रत्येक वाक्याला म्हणत होती, "व्हय, आत्या."

दवाखान्याचं फाटक दिसलं. ती पुढं वाकली आणि रिक्षावाल्याला हळूच म्हणाली, "दादा, जरा लांबनं फिरवून घ्या."