न चावलेली जळू

कापड कापायच्या मशीनमध्ये तुटलेला टेलर मास्तरांचा उजवा अंगठा डॉक्टरांनी परत जोडला. शुद्धीवर आल्या आल्या मास्तरांनी आधी टाके निरखले.

"हात साफ आहे हो डॉक्टरांचा," ते बायकोला म्हणाले. "दोन महिन्यांत कात्री धरतो की नाही बघ."

दुसऱ्या दिवशी अंगठा काळानिळा पडला. सिस्टर बरणीतून जळू घेऊन आल्या, तशी मास्तरांची पाचावर धारण बसली.

"घाबरू नका. चावताना जागा बधिर करते ती. साचलेलं रक्त ओढेल आणि पोट भरलं की आपणच गळून पडेल."

"तीन जबडे असतात म्हणे तिला?"

"असतात. पण तुमच्या कात्रीपेक्षा बारीक."

बायकोला हसू आलं. मास्तरांनी डोळे गच्च मिटले. जळूने अंगठ्यावर दोन-तीनदा तोंड टेकवून पाहिलं आणि सरळ तळहातावर उतरून तिथेच फुगत बसली. सिस्टरनी दुसरी सोडली. तिनेही तोंड फिरवलं.

"बघ, जळूलासुद्धा नको झालाय आपला अंगठा," मास्तर खुशीत म्हणाले. "सुटलो बुवा."

सिस्टर हसल्या नाहीत. डॉक्टर आले, अंगठ्याला सुई टोचून बघितली आणि निघून गेले. थोड्या वेळाने सिस्टर एक कागद घेऊन आल्या.



"मास्तर, रक्त खेळत नाही तिथे जळू तोंड लावत नाही. उजवा अंगठा काढायचाय, सही काही जमणार नाही तुम्हाला. डाव्याचा ठसा द्या."